लाल बाजू, हिरवी बाजू

कालचं जेवण अजून पोटात आहे. डोक्यातही आहे.

ब्राझीलच्या साओ पावलोत राहून मी कोलेस्टेरॉल कमावलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: लाल मांस आठवड्याला शिजवलेलं पाचशे ग्रॅमच्या आत. मी हिशेबी माणूस. शुर्रास्करियात, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस टेबलाशी आणून वाढणाऱ्या हॉटेलात, जायचं, सॅलडनं ताट भरायचं, पिकान्याचे, म्हणजे बीफच्या पुठ्ठ्याचे, दोन काप चरबीची कड काढून खायचे नि घरी. (आईला फोनवर चिकन सांगतो.)

टेबलावर एक लाकडी चकती असते. हिरवी बाजू वर असली की वाढपी सळया घेऊन येत राहतात, लाल केली की थांबतात. आपल्या पंगतीत ताटावर आडवा हात धरतात ना, तेच; फक्त इथे हाताला जिलबीचा पाक लागत नाही. दोन काप घेऊन मी चकती लाल केली आणि आणखी काकडी आणायला गेलो. परतलो तर ताटात तीन काप, चकती हिरवी.

शेजारच्या टेबलावर, वीतभर अंतरावर, ऐंशीच्या घरातले एक आजोबा.

"मी लाल ठेवली होती," मी म्हणालो.

"वाऱ्यानं पलटली असेल."

एसी हॉलात! लाकडी चकती!

मग त्यांनी माझ्या ताटाच्या कडेला सारलेली चरबी पाहिली. मोदकातलं सारण टाकून नुसती पारी खाणाऱ्याकडे आजी बघेल, तशी. "आजारी आहेस का, लेकरा?" मी कोलेस्टेरॉल म्हणालो. त्यांनी हात वर करून वाढप्यालाच बोलावलं. "सो उम पेदासिन्यो!" म्हणजे एवढासाच तुकडा. वाढप्यानं सळई टेकवली, सुरी फिरली, मी मुकाट्यानं चिमट्यानं काप धरला. एवढासा तळहाताएवढा होता. अशा तुकड्यांची मोजदाद मी सातव्याला सोडली.

फारोफाचा घातही सांगतो. साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाचं ते भाजलेलं पीठ. उपासाचं समजून दोन डाव घेतले. लोण्यात परततात, हे नंतर कळलं.

आणि पैसे? काकडी खा नाहीतर अख्खा बैल खा, दर एकच. वर सेवेचे दहा टक्के. ते खरं तर आजोबांना द्यायला हवे होते, सगळी सेवा त्यांचीच होती.

दारातून मागे वळून पाहिलं. माझ्या रिकाम्या टेबलावरची चकती पुन्हा हिरवी होती.