पोलिओ गेला, पण सीमेवरची पोरं यादीतून का जातात?

‘पोलिओ संपला की, आता कशाला डोस?’ कर्नाटकच्या हद्दीतल्या निपाणी-खानापूर भागात हे हमखास ऐकू येतं. देशातली वाइल्ड, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूच्या, पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात या विषाणूचा टाइप १ हा प्रकार अजून आहे. लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकालाच लकवा होतो, म्हणजे एका पोराचा पाय लुळा पडेपर्यंत विषाणू गावभर फिरलेला असतो.

आपल्याकडं मूल सुटतं ते बहुतेक वेळा नकारामुळं नाही, हद्दीमुळं. पहिलं बाळंतपण माहेरी, समजा महाराष्ट्रातल्या चंदगडला. जन्माचा आणि ६ आठवड्यांचा डोस तिथंच. मग बाळ खानापूरला सासरी येतं. तिकडच्या यादीतून जातं, इकडच्या यादीत चढतच नाही. तिकडचं कार्ड मराठी, इकडचं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदीचं) कन्नड. सून घरी आली की त्याच आठवड्यात जुनं कार्ड आशाताईंना दाखवा. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीत, नोंद असेल तर तोच मोबाईल नंबर द्या, दुसरा देऊ नका.

ऊसतोड टोळ्यांचं तर विचारूच नका. पल्स पोलिओची टीम दारावर खडूनं ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहिते. एक्स म्हणजे या घरातलं मूल राहिलं, परत यायचं. पाचटाच्या कोपीवर खडू कुठं लिहिणार? दुपारी गेलं तर आईबाप पोरांसकट फडात. तिथं सांजच्यालाच जावं लागतं, आणि आधी मुकादमाकडून पाच वर्षांखालच्या पोरांची यादी घ्यावी. उचलीचा हिशोब त्याला तोंडपाठ असतो, पोरांचाही असतो.

बूथवर थेंब घेतले म्हणजे झालं, हाही गैरसमजच. जन्मल्यावर, ६, १०, १४ आठवड्यांना आणि दीड वर्षाच्या सुमाराला थेंब हवेतच. शिवाय ६ आणि १४ आठवड्यांना इंजेक्शन, ०.१ मिली, कातडीतच. टोचल्यावर बारीक फुगवटा दिसला पाहिजे. नाही दिसला तर सुई खोल गेली. २०२३ पासून ९ व्या महिन्यातही ते आहे. थोरल्याच्या कार्डावर ते नव्हतं, म्हणून धाकट्याच्या वेळी कुणी विचारत नाही. एप्रिल २०१६ पासून नेहमीच्या थेंबांत टाइप २ नाही, त्याच्यापासून होणारा लकवा हे इंजेक्शनच अडवतं.

बूथवर कुपीच्या लेबलावरचा गोल बघा. आतला चौकोन भोवतीच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. तितकाच किंवा जास्त गडद झाला तर उष्णतेनं लस गेली, ती कुपी बाजूला ठेवायला सांगा. कॅरियरचं, म्हणजे लसीच्या थंड डब्याचं, झाकण सारखं उघडं राहिलं की हेच होतं.

आणि पंधरा वर्षांखालच्या पोराचा हात-पाय अचानक ढिला पडला तर ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसू नका, लगेच आरोग्य केंद्रात कळवा. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने बर्फात तपासणीला जायला हवेत. मिरज-कोल्हापूरला नेलं तर तिथं राहता पत्ताच सांगा, पाहुण्यांचा नको. नाहीतर शोध भलत्याच गावात सुरू होतो.