‘५५ टक्के’ आले कुठून? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. वायरलेस माउसची बॅटरी लिनक्सच्या टर्मिनलमधून, म्हणजे आदेश टंकण्याच्या खिडकीतून, कशी पाहावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. लेखातील आदेशाने ५५ टक्के दाखवले म्हणून आपण निर्धास्त राहिलात आणि अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्याची महिनाअखेरची बिले करताना माउस मध्येच बंद पडला. शिवाय घड्याळाशेजारच्या चिन्हावरही तोच आकडा दिसत असताना ही काळ्या पडद्याची कसरत कशासाठी, असे आपण विचारले आहे. पहिल्या तक्रारीत चूक माझी आहे. दुसरी मात्र मला मान्य नाही.

यूपॉवर ही लिनक्समधील बॅटरीची माहिती गोळा करणारी सेवा. तिचा ‘यूपॉवर -डी’ हा आदेश चालवल्यावर अशा माउसच्या ‘पर्सेंटेज’च्या ओळीत आकड्यापुढे कंसात ‘शुड बी इग्नोअर्ड’, म्हणजे ‘हा आकडा धरू नये’, असे उमटते. लेखात नमुना देताना ओळ मावेना म्हणून मी तो कंस गाळला. गाळायला नेमके तेच सापडावे! अनेक माउस आपली बॅटरी टक्क्यांत सांगतच नाहीत. ‘फुल’, ‘नॉर्मल’, ‘लो’, ‘क्रिटिकल’ अशा मोजक्या पायऱ्या तेवढ्या कळवतात आणि यूपॉवर त्या पायऱ्यांना ठरलेले आकडे लावतो: ‘नॉर्मल’ला ५५, ‘लो’ला १०, ‘क्रिटिकल’ला ५. त्यामुळे असा माउस आठवडेच्या आठवडे ५५ वर बसून राहतो आणि एके दिवशी थेट १० वर येतो. मधले आकडे त्याच्याकडे कधी नव्हतेच.

आपण चार्जिंगचे सेल वापरता, असेही लिहिले आहे. घोळ वाढला तो इथे. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो, तर चार्जिंगचा निकेल सेल १.२ व्होल्टच्या आसपास बराच काळ टिकून शेवटी एकदम बसतो. व्होल्टेजवरून पायरी ठरवणाऱ्या माउसला मग ‘लो’ म्हणायलाही पुरेसा वेळ मिळत नाही. नव्या पेठेतला दुकानदार सेल देताना ‘साधा की चार्जिंगचा’ असे विचारतो. माउस विचारत नाही.

आता चिन्हाविषयी. ज्या ब्लूटूथ उपकरणांत ‘बॅटरी सर्व्हिस’, म्हणजे बॅटरीची पातळी कळवण्याची सोय, असते, ती ० ते १०० मधला आकडा स्वतःच कळवतात आणि ‘ब्लूटूथसीटीएल इन्फो’ हा टर्मिनलमधला आदेश तो जसाच्या तसा दाखवतो. चिन्हावर मात्र उपकरणाने सांगितलेले ८० आणि यूपॉवरने लावलेले ५५ एकाच तोऱ्यात दिसतात. हा भेद टर्मिनलमध्ये कळतो, एवढ्यासाठीच ही कसरत. खात्री करायची असल्यास ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ या फोल्डरमध्ये माउसच्या नावाखाली पाहावे: तिथे ‘कपॅसिटी’ (टक्के) ही फाइल नसून केवळ ‘कपॅसिटी_लेव्हल’ (पायरी) असेल, तर त्या माउसच्या टक्क्यांवर विसंबू नये.

लेखातील नमुना आज कंसासह पुन्हा टाकला आहे. आपल्या संगणकावर तो कंस दिसतो का, हे कृपया कळवावे. दिसत नसेल, तर माझे वरचे निदान चुकले असे समजून त्याच आदेशाच्या उत्तरातली ‘मॉडेल’ची ओळही पाठवावी.