त्या पोराची बोटं

सकाळपासून एक व्हिडिओ फिरतोय. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा माथा, जानेवारीतली पहाट, मागे स्वर्गारोहिणीच्या शिखरांवर नुकतं ऊन आलेलं. पुढे आपलाच एक मराठी पोरगा. कमरेच्या वर उघडा, हातात भगवा, घोषणा देतोय. खाली लाईकचा पाऊस. सगळे त्याची छाती बघतायत. मला दिसली ती काठी धरलेली बोटं. तीन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडलेली, म्हणजे हिमदंशाची सुरुवात.

भगव्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तो तिथे फडकला की आपल्या सगळ्यांचाच ऊर भरून येतो. संताप आहे तो मागे उभं राहून शूटिंग करणाऱ्यांचा. एकालाही 'अरे, हात झाक आधी' म्हणावंसं वाटलं नाही?

'कळसूबाई चार वेळा झालंय' या भरवशावर आपली पोरं डिसेंबर-जानेवारीत तिकडे जातात. कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठ्यासाठी जिथून चालायला लागतात ते सांकरी गावच साधारण १,९५० मीटरवर आहे आणि माथा ३,८१० वर. पहाटे तापमान उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं झोंबतं. सह्याद्रीत घामाने भिजलेला टीशर्ट वाऱ्यावर वाळून जातो. तिथे तो वाळत नाही, अंगाला चिकटून गार होत राहतो, कारण सुती कापड पाणी सोडत नाही आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. त्या पोराच्या पायात जीन्स होती. गुडघ्यापर्यंत ओली.

आत पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. जाडजूड फेदर जॅकेट चालताना घालायचं नसतं. ते सॅकमध्ये अगदी वर ठेवायचं आणि थांबल्या थांबल्या, अंग गार व्हायच्या आत चढवायचं. रात्री दोन-तीनला कॅम्पवरून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत, दहा मिनिटांत घाम फुटणार आणि माथ्यावर तोच घाम गोठवणार.

आता हात. पातळ लायनर ग्लोव्ह आणि त्यावर मिटन, म्हणजे चारही बोटं एकाच पिशवीत राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. फोटोसाठी मिटन काढा, लायनर नाही. मिटनला दोरी लावून मनगटात अडकवा, नाहीतर वाऱ्याने एक उडालं की त्या हाताचं कठीण आहे. पायांचंही तसंच. दोन जाड मोजे कोंबून घट्ट केलेला बूट रक्त अडवतो आणि पाय उलट जास्त गारठतो. एकच जाड लोकरी मोजा घाला, बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. झोपताना घालायचा मोज्यांचा कोरडा जोड वेगळा ठेवा, तो घालून चालायचं नाही. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठत जातं, म्हणजे झाकण मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायच्या पिशव्या घरीच राहू द्या, नळी आधी गोठते. मोबाईल आतल्या खिशात.

व्हिडिओच्या शेवटी तोच पोरगा बसून घसरत खाली येतो. पायात मायक्रोस्पाईक्स, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून बुटावर चढवतात ते धातूचे दात, तसेच! धस्स झालं बघून. एक दात बर्फात रुतला की पाऊल जागच्या जागी थांबतं, शरीर मात्र पुढे जातं, आणि घोटा मोडतो. चालत उतरा. पहाटेच्या कडक बर्फावर पूर्ण तळवा सपाट टेकवा, म्हणजे सगळे दात धरतात. ऊन चढून बर्फ मऊ झाला की टाच रोवत या.

हो, ट्रेक सोपा समजला जातो आणि दर हिवाळ्यात असंख्य लोक सुखरूप परततात. मान्य. सगळं सामान विकत घ्यायची प्रत्येकाची ऐपत नसते, तेही मान्य. गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण), स्पाईक्स सांकरीत भाड्याने मिळतात. पण कुडकुडणाऱ्या पोराचं कुडकुडणं थांबलं, तो अडखळायला आणि बरळायला लागला, तर त्याला 'गरम होतंय वाटतं' म्हणणारे मित्र भाड्याने बदलून मिळत नाहीत. तेव्हा ओले कपडे काढून त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घालायचं, अंगाखाली मॅट, शुद्धीत असेल तर गोड गरम पाणी. रम अजिबात नाही, तिने कातडीकडे रक्त जातं आणि ऊब बाहेर पडते. बंद तंबूत सिगडीही नको, तिच्या वायूने झोपेतच जीव जातो.

इतकं लिहून झाल्यावर राग ओसरलाय. पोरगा विशीतला असेल. त्याला कुणी सांगितलंच नसणार.

त्याच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर एवढं विचारा त्याला, बोटांना मुंग्या येऊन रंग परत आला का? डोंगरावर असताना अशी बोटं काखेत धरायची. बर्फाने किंवा हाताने चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत, बधिर कातडी भाजलेली कळतही नाही. अजून बधिर असतील किंवा फोड आले असतील तर फोड न फोडता आजच डॉक्टरकडे न्या. सिगारेट ओढत असेल तर बंद करायला लावा. आणि अशी बोटं बरी झाली तरी पुढच्या थंडीत तीच आधी गारठतात, त्याला मिटनचा जोड घेऊन द्या. पैसे मी देते.