बिनदाताचा जादूगार आणि आमची आई

क्रिकेट बघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी जाब विचारत नाही. फुटबॉलवाल्याला फार तर ‘रात्रभर जागून उद्या ऑफिसात काय दिवे लावणार’ एवढं ऐकून घ्यावं लागतं. पण घरातला कमावता पुरुष रात्री अकराला टीव्हीसमोर पुढे सरकून बसलाय, आणि पडद्यावर दोन माणसं एका टेबलाभोवती गप्पपणे फेऱ्या मारताहेत, हे दृश्य पाहिलं की घरच्यांचा धीर सुटतो. मी प्रोफेशनल पूल, म्हणजे क्यू नावाच्या काठीने बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालवायचा खेळ, बघतो. खेळत नाही, नुसता बघतो. हे दुसरं वाक्य सांगितलं की उरलीसुरली सहानुभूतीही जाते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना एकदा लिफ्टमध्ये हे सांगायला गेलो. ‘म्हणजे आपला पंकज अडवाणी!’ काका खूश झाले. मी म्हटलं, नाही हो, ते बिलियर्ड्स आणि स्नूकर. ‘मग गीत सेठी!’ तेही बिलियर्ड्सच. काकांनी हार मानली नाही. ते थेट १९५८ सालात शिरले आणि विल्सन जोन्सना घेऊन आले. आता जोन्स पुण्यात जन्मलेले, अडवाणीही पुण्यात जन्मलेला, दोघेही जगज्जेते. अशा घराण्याला ‘हे ते नव्हे’ म्हणणं जिवावर येतं. तळमजला येईपर्यंत मी काकांना एवढंच पटवू शकलो की मी बघतो तो कुठला तरी खालच्या दर्जाचा खेळ असावा.

त्यात घड्याळाचा जाच. स्पर्धा अमेरिकेत असली की तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. इंग्लंडात असली तर फायनल आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर संपते. फिलिपिन्सचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणून तिथली स्पर्धा असते तेवढे दिवस मी माणसांत असतो. आणि घरात टीव्ही एकच. तो हॉलमध्ये. हॉलमध्ये रात्री आई शेंगा सोलत बसते आणि बायको लॅपटॉप घेऊन. म्हणजे पूल बघायचा तर समालोचन दोन असतात, एक टीव्हीतलं आणि एक सोफ्यावरचं.

नियम मी दोघींना समजावून सांगितले. टेबल नऊ फुटी, बॉल नऊ. पांढरा बॉल टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर जो नियमात घालवेल त्याचा तो रॅक, म्हणजे डाव. आईला हे लगेच कळलं, कारण ती चाळीत वाढलेली आणि कॅरमवर माहेरच्या अख्ख्या मजल्याला हरवून सासरी आलेली. बायकोला कळूनही तिने कळल्याचं दाखवलं नाही.

आता माझं एक लाडकं मत आहे, ते इथे सांगून टाकतो. पूलमध्ये जो फार चांगला खेळतो तो बघायला अत्यंत कंटाळवाणा असतो. कारण ह्या खेळातलं खरं कौशल्य बॉल घालवण्यात नाही, पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी अचूक जागी थांबवण्यात आहे. ते ज्याला जमलं त्याचा प्रत्येक फटका सोपा दिसतो. इतका सोपा, की बघणाऱ्याला वाटतं हा माणूस नशीबवान दिसतोय, ह्याच्या वाट्याला अवघड असं काही येतच नाही.

शेन व्हॅन बोनिंग हा त्याचा नमुना. दक्षिण डकोटातल्या रॅपिड सिटीचा. पाच वेळा पूलची यूएस ओपन जिंकला, २०२२ साली जगज्जेता झाला. त्याचा ब्रेक, म्हणजे रॅक सुरू करणारा पहिला फटका, असा, की बॉल फुटतात आणि टेबलावर आपोआप शिस्तीत उभे राहतात. मग एक, दोन, तीन करत नऊपर्यंत जायचं, खडू खिशात टाकायचा, पुढचा रॅक. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. ‘हे तर मीसुद्धा घालवीन,’ बायको म्हणाली. मी तिला सांगितलं की ह्या माणसाला जन्मापासून जवळजवळ ऐकू येत नाही, कानात यंत्र लागतं, आणि गोंगाट फार झाला तर तो सरळ यंत्र बंद करून खेळतो. मला वाटलं ती हेलावेल. ती म्हणाली, ‘बघ. तुला तर यंत्राशिवायच जमतं.’

तर, माझा देव वेगळा. एफ्रेन रेयेस. जन्म १९५४, फिलिपिन्समधला पंपांगा प्रांत. लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राहिला. टेबलापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून कोका-कोलाच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा आणि रात्री त्याच टेबलावर झोपायचा. १९८५ मध्ये अमेरिकेत पोचला तेव्हा नाव आधीच गाजलेलं, ओळखलं तर कोणी पैसे लावून खेळणार नाही. म्हणून सीझर मोरालेस हे नाव घेऊन ह्यूस्टनमध्ये तिथल्या बड्याबड्यांना धुऊन काढलं. पुढे १९९४ मध्ये यूएस ओपन जिंकणारा पहिला बिगरअमेरिकन. १९९९ मध्ये जगज्जेता. लोक त्याला जादूगार म्हणतात, पण दिसायला जादूगारासारखं काहीही नाही. ढगळ शर्ट, मिश्या, आणि समोरचे दात गायब. हुकला की डोकं खाजवतो आणि लाजून हसतो. जमला तरी तेच करतो.

‘एवढे पैसे मिळवले, तर कवळी नाही का बसवून घेता आली?’ हा आईचा पहिला प्रश्न. मी काही बोललो नाही. १९९५ ची रीनोमधली मॅच लावली.

नेवाडा राज्यातलं रीनो, समोर अर्ल स्ट्रिकलँड. आधी तेरा रॅक जिंकेल त्याची मॅच, बारा-बारा बरोबरी, म्हणजे हा रॅक ज्याचा त्याची मॅच. स्ट्रिकलँडने पाच नंबर असा झाकून ठेवला, की पांढऱ्या बॉलला सरळ वाटच नाही. अशा वेळी साधा खेळाडू काय करेल, तर कुठून तरी पाच नंबरला नुसता स्पर्श व्हावा, फाऊल टळावा, एवढीच प्रार्थना. रेयेस टेबलाजवळ आला, जरा बघितलं आणि मारला. बॉल एका कुशनवर गेला, तिथून तिरपा समोरच्या कुशनवर, तिथून पुन्हा उलटा येऊन पाच नंबरवर, आणि पाच नंबर पॉकेटात. वर पांढरा बॉल सहा नंबरसमोर हात जोडून उभा. ह्या मार्गाचा आकार इंग्रजी झेडसारखा, म्हणून तो फटका आजही झेड शॉट म्हणून ओळखला जातो. मॅच रेयेसची.

सोफ्यावर शेंगा फुटायचा आवाज थांबला होता. ‘डबल रिबाउंड!’ आई म्हणाली. ‘आणि वर कव्हरची सोय करून ठेवलीन!’ मग पदर सावरून, ‘परत लाव.’

इथे माझं मत मी आईला ऐकवलं. रेयेसचा ब्रेक काही धडकी भरवणारा नव्हता, त्यामुळे त्याच्यापुढे टेबल नेहमी अडचणीचं यायचं. आणि माणूस अडचणीत सापडल्याशिवाय त्याची अक्कल बघायला मिळत नाही. आईने मान हलवली, पण ती होकारार्थी होती असं मी ठामपणे सांगू शकत नाही.

अर्ल स्ट्रिकलँड हा दुसऱ्या प्रकारे बघण्यासारखा. नॉर्थ कॅरोलिनाचा, पाच वेळा यूएस ओपन, तीन वेळा जगज्जेता, आणि फटका इतका सफाईदार की शत्रूनेही वाहवा करावी. शत्रूंची त्याच्याकडे कधी वाण नव्हती. समोरच्या खेळाडूशी तो एकदाच खेळतो. बाकीचा वेळ पंच, प्रेक्षक, टेबलाचं कापड, हॉलमधला एसी आणि खोकणारा एखादा गृहस्थ, ह्या सगळ्यांशी त्याची वेगळी मॅच चालू असते. उतारवयात तर तो हातमोजा, गडद चष्मा, दंडाला वजनं आणि भलामोठा लांब क्यू असा सगळा सरंजाम घेऊन उतरू लागला. आईने त्याला दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, ‘ह्याचं बीपी कोणी बघतं की नाही?’

बायको मात्र ह्याच माणसाची चाहती झाली, आणि तेही पूलमुळे नव्हे. १९९६ मध्ये डॅलसच्या एका स्पर्धेत जाहीर झालं होतं की सलग दहा रॅक जो एकाच दमात साफ करेल त्याला दहा लाख डॉलर. असं होणार नाही ह्या भरवशावर आयोजकांनी विमा उतरवलेला. स्ट्रिकलँडने पहिल्याच दिवशी अकरा रॅक साफ केले. विमा कंपनीने दुसऱ्या दिवशी धनादेश पाठवला असेल असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात कधी मेडिक्लेमचा फॉर्म भरलेला नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी तडजोडीवर मिटलं. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या मोतिबिंदूच्या बिलासाठी बायको महिनोन्‌महिने फोनवर संगीत ऐकत होती. ‘चिडेल नाही तर काय करेल बिचारा!’ ती म्हणाली. तेव्हापासून स्ट्रिकलँड पंचांवर ओरडला की आमच्या घरातून त्याला एक मत मिळतं.

रेयेस आणि स्ट्रिकलँड ह्या दोघांनी एकदा हाँगकाँगमध्ये तीन दिवस एकच मॅच खेळली होती. १९९६ सालीच. आधी १२० रॅक जिंकेल तो एक लाख डॉलर घेईल, हरणाऱ्याला शून्य. रेयेस बराच मागे पडला होता. शेवटी १२०-११७ ने जिंकला. ही मॅच पूर्ण बघू या, असा प्रस्ताव मी घरात मांडून पाहिला. त्यावर चर्चाही झाली नाही.

फ्रान्सिस्को बुस्तामांते मी गंमत म्हणून लावला होता. हा रेयेसचा दोस्त, त्याच्याच मुलखातला. मारण्याआधी क्यू असा काही घुसळतो की टोक कधी कापडाकडे, कधी छताकडे, आणि शेवटच्या क्षणी बॉलच्या मध्यावर कसं येतं ते त्यालाच ठाऊक. आई हसत होती. मग मी सांगून बसलो की २००२ मध्ये कार्डिफला जागतिक स्पर्धा चालू असताना ह्याची तान्ही मुलगी गेल्याची बातमी आली. तो खेळत राहिला आणि फायनलला पोचला.

‘जिंकला ना?’ आईने विचारलं.

‘नाही. सतरा-पंधराने हरला.’

‘कोणाकडून?’

आता खोटं कसं बोलणार? ‘स्ट्रिकलँडकडून.’

आईने त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. त्याचा ह्यात काय दोष, त्याने काय फायनल सोडून द्यायची होती का, हे मी परोपरीने सांगितलं. शेवटी २०१० ची दोह्याची फायनल शोधून लावली, ज्यात बुस्तामांते वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा कुठे शेंगांची परात पुन्हा पुढे ओढली गेली.

‘ह्यात बायका नसतात का?’ असं बायकोने विचारल्यावर जेनेट ली दाखवली. संपूर्ण काळा पोशाख, टोपणनाव ‘ब्लॅक विडो’. शाळकरी वयात पाठीचा कणा वाकल्याचं निदान झालं, मग शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया, आणि बाईने करिअर कोणतं निवडलं, तर दिवसभर कमरेत वाकून उभं राहण्याचं. नव्वदच्या दशकात ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. बायकोने लॅपटॉप मिटला. हा माझ्या लेखी मोठा विजय.

जर्मनीचे दोघे आमच्याकडे जोडीने बघितले जातात. राल्फ सूकेट एकेका फटक्याआधी इतका सोवळ्यात उभा राहतो की पूजा सांगायला भटजी कधी येणार असं वाटावं. आणि त्याच्याच देशाचा जोशुआ फिलर, २०१८ चा जगज्जेता, कॅमेरा स्थिर व्हायच्या आत मारून मोकळा. फटक्याला तीस सेकंद मिळतात, त्यातली हा पाच-सहाच वापरत असावा. ‘गॅसवर दूध ठेवून आलाय का हा?’ इति आई.

सगळं असं मार्गी लागलं असताना एका रात्री मी हॉलमध्ये आलो, तर टीव्ही आधीच चालू. आई एकटी शेन व्हॅन बोनिंगची मॅच बघत होती. एक, दोन, तीन, चार. खडू खिशात. पुढचा रॅक.

‘अगं, हा तर कंटाळवाणा ना?’ मी म्हटलं.

‘कंटाळवाणा कसला? शहाणा मुलगा आहे,’ ती म्हणाली. ‘आधी घोळ घालायचा, मग त्यातून सुटायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, ह्यात कसलं आलंय कौतुक? तुझ्या बाबांनी जन्मभर तेच केलं.’

इतकी वर्षं जपलेल्या माझ्या सिद्धांताची वाट अशी एका वाक्यात लागली. प्रतिवाद करायला बाबा हवे होते. ते आत झोपले होते, आणि जागे असते तरी बोलले नसते.

आता रिमोट माझ्याकडे येत नाही. डिसेंबरात मोस्कोनी कप असतो, युरोप विरुद्ध अमेरिका, १९९४ पासून चालत आलेला. त्यात प्रेक्षक फटक्याफटक्याला गातात, ओरडतात, समोरच्याची टर उडवतात. पहिल्यांदा बघताना आईला तो अजागळपणा वाटला होता. आता ती अमेरिकेच्या बाजूने आहे, आणि युरोपचा बॉल पॉकेटाच्या ओठावर अडकला की तिला होणारा आनंद शोभण्यासारखा नसतो. परवा मावशीचा फोन आला. नातवाचं लग्न ठरलंय, डिसेंबरचा पहिला आठवडा, मुहूर्त संध्याकाळचा. आईने अभिनंदन केलं, मुलीकडचे कोण-कुठले ते विचारलं, देण्याघेण्याच्या साड्यांची चौकशी केली. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, ‘अक्षता टाकून निघायचं. रिसेप्शनला थांबायचं नाही. त्या हॉलवर नेटवर्क येत नाही.’