दोन रुपयांचे कोन कुठे गेले?

नाण्यांचा विषय निघाला की लोक चित्रांवर बोलतात. कमळाचे वीस पैसे, गेंड्याचे चार आणे, धान्याच्या कणसांचा रुपया. कमळवाले पिवळे वीस पैसे तर अजूनही कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात दिसतात. मला पण ती चित्रं आवडतात. पण रोजच्या व्यवहारात नाणं बघून कोण घेतं? ते चाचपून घेतलं जातं. बसमधला कंडक्टर, भाजीवाली, दुधाच्या केंद्रावरचा मुलगा, कोणीच सिंहमुद्रा बघत बसत नाही. आणि माझी तक्रार हीच आहे की चित्रं बदलण्याच्या नादात आपण बोटांना विसरलो.

जुन्या लोकांनी बोटांचा विचार केला होता. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली तेव्हा सगळा देश आणे-पैत हिशेब करणारा. म्हणून नाण्यांवर हिशेबच छापला. एका नया पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’, पंचवीसवर ‘रुपये का चौथा भाग’. सरकारने नाण्यावर शिकवणी घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही! लोक सरावले, तसा 1964 मध्ये ‘नया’ शब्दही गेला. पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी आकार होते. पाच पैसे चौकोनी. दोन आणि दहा पैशांची कड नागमोडी. पुढे ॲल्युमिनियम आलं, तरी तीन पैसे षटकोनी, एक पैसा चौकोनी पण इवलासा, आणि 1982 मध्ये आलेले ॲल्युमिनियमचे वीस पैसेही षटकोनीच. हातात घेतलं की नाणं आहे की बाटलीचं झाकण असं वाटायचं, इतकं हलकं. पण चूक व्हायची नाही.

आमचं किराणा दुकान होतं. दिवे गेले की बाबा गल्ल्यात हात घालून मोड द्यायचे, मेणबत्ती पेटवायच्या आधीच. त्यात काही कसब होतं असं त्यांना कधी वाटलं नाही. नाण्यांनाच कोपरे होते.

1988 पासून दहा, पंचवीस, पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे आले, आणि तिन्ही गोल. गेंडा आला, पन्नास पैशांवर संसद भवन आणि नकाशा आला, पण कोपरे गेले. तरी एक नाणं टिकून होतं: 1992 पासूनचे दोन रुपये. अकरा कोन, 26 मिलिमीटर, 6 ग्रॅम. मला विचाराल तर स्वतंत्र भारताचं सगळ्यात शहाणं नाणं ते. खिशात हात घातला की सापडायचं.

2005 मध्ये तेही गोल झालं, स्टीलचं झालं. वर चार ठिपके आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषा, विविधतेतून एकता म्हणून. त्यावरून केवढा वाद झाला! हा क्रॉस आहे, कोणी मुद्दाम घातला, वगैरे. सगळी भांडणं चित्रावर. कोन गेले त्यावर एक अवाक्षर नाही. मग 2007 पासून हस्तमुद्रा आल्या: पन्नास पैशांवर मूठ, रुपयाला अंगठा, दोन रुपयांना दोन बोटं. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून बोटं मोजायची ही कल्पना मला खरोखर सुंदर वाटते. पण ती दिसते, लागत नाही. अंगठ्याने कितीही घासा, अंगठा आहे की दोन बोटं ते कळणार नाही.

खरी गंमत 2011 मध्ये झाली. ₹ हे चिन्ह नुकतंच आलं होतं, ते नाण्यांवर चढलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. त्याच वर्षी 30 जूनला चार आणे आणि खालची नाणी चलनातून गेली, त्यावर हळवे लेख आले. मधल्या मध्ये काय झालं बघा. नवा रुपया आला 22 मिलिमीटरचा, वजन 3.79 ग्रॅम. म्हणजे हुबेहूब जुने आठ आणे. नवे दोन रुपये आले 25 मिलिमीटरचे, 4.85 ग्रॅम. म्हणजे हुबेहूब जुना रुपया. प्रत्येकाने आपल्या खालच्याचे कपडे घातले! आणि जुनी नाणी बाद केली नाहीत, तीही चालूच. आजही एकाच गल्ल्यात हे दोघे शेजारी पडलेले असतात आणि तुम्ही बटाटे घेताना एकाच्या जागी दुसरं देऊन मोकळे होता.

2019 च्या मालिकेत थोडं भान आलेलं दिसतं. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केलेली ही नाणी दृष्टिहीनांचा विचार करून केल्याचं जाहीर सांगितलं गेलं. किंमत वाढते तसा आकार आणि वजन वाढतं: रुपया 20 मिलिमीटर, दोन रुपये 23, पाच 25, दहा 27. वीस रुपये बारा कोनांचं. कागदावर छान. पण हे क्रम फक्त त्या मालिकेपुरते. गल्ल्यात सगळ्या मालिका एकत्र असतात, आणि तिथे 25 मिलिमीटरचं नाणं जुना रुपया असू शकतं, 2011 चे दोन रुपये असू शकतं, किंवा नवे पाच. पाच निदान पिवळे आणि जड आहेत. पण पिवळं दिसायला डोळे लागतात.

इतकी रूपं झाली की माणसं बिचकतातच. दहा रुपयांच्या नाण्यावर पट्ट्या किती, दहा की पंधरा, यावरून दुकानदार नाणं परत करायचे. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं की चौदा प्रकार आहेत आणि चौदाही चालतात. आता चौदा रूपं कोण लक्षात ठेवणार? आठ आणे तर कायद्याने अजून चालतात, पण देऊन बघा कुठे.

(छंद असणाऱ्यांसाठी: वर्षाच्या खाली चौकटीची खूण असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. हा शोध मात्र निवांत डोळ्यांनीच करायचा.)

माझी मागणी छोटी आहे. पुढची मालिका निघेल तेव्हा चित्र हवं ते घाला, पण दोन रुपयांना अकरा कोन परत द्या, आणि नव्या नाण्याचा व्यास ठरवताना चालू असलेल्या जुन्या नाण्यांचा व्यास आधी बघा. दृष्टिहीनांसाठी रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये ‘मनी’ नावाचं ॲप काढलं, चांगलं केलं. ते फक्त नोटा ओळखतं.