निकेयात बायबल ठरलं नाही

नाताळ जवळ आला की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं की इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईननं निकेयाला बिशप गोळा केले, ऐंशी शुभवर्तमानांतून (म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांतून) सोयीची चार निवडली, बाकीची जाळली आणि काठावरच्या बहुमतानं येशूला देव ठरवलं. तेव्हा नव्या करारातला, बायबलच्या येशूपासून पुढच्या भागातला, इतिहास म्हणजे निव्वळ थाप. पुढे ढकलणारे बहुतेक जण स्वतःला चिकित्सक समजतात, म्हणून थोडी चिकित्सा.

'निकेयात पुस्तकं निवडली.' निकेया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. तिथल्या परिषदेचे वीस नियम आजही वाचायला मिळतात. स्वतःला खच्ची करून घेणाऱ्यांना धर्मसेवेत ठेवायचं का, पाद्र्यांनी व्याजबट्टा करावा का, रविवारी गुडघे टेकावेत की उभ्यानं प्रार्थना करावी, असे विषय त्यांत आहेत. ग्रंथांची यादी कुठेच नाही. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम यानं पुढे एका ओळीत लिहिलंय की या परिषदेनं यहूदीथचं पुस्तक पवित्र ग्रंथांत धरलं होतं. पण ते जुन्या कराराच्या, येशूच्या आधीच्या भागाच्या, बाजूचं पुस्तक, शुभवर्तमानांशी त्याचा संबंध नाही. मग ही गोष्ट आली कुठून? नवव्या शतकातल्या एका ग्रीक संकलनातून. त्यात बिशपांनी सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खोटी आपोआप खाली गेली, असा चमत्कार सांगितलाय. अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर यानं त्याची टर उडवली, आणि टर उडवता उडवता ती कथा घरोघरी पोचली. चमत्कार गळला, निवड तेवढी उरली.

चार शुभवर्तमानांचा प्रश्न निकेयाच्या दीडेकशे वर्षं आधीच बराचसा मिटला होता. ल्योंचा बिशप इरेनियस साधारण १८० मध्ये 'चारच, कमी नाहीत की जास्त नाहीत' असं ठासून सांगतो. त्यासाठी चार दिशा आणि चार वारे असला युक्तिवाद करतो, तो आपल्याला पटणार नाही, पण तारीख महत्त्वाची. उलट इतर पुस्तकांबद्दलचा घोळ निकेयानंतरही चालूच राहिला. कोडेक्स सायनायटिकस हे चौथ्या शतकातलं मोठं हस्तलिखित; त्यात बर्णबाचं पत्र आणि हर्मासचा 'मेंढपाळ' आहे, आणि ही दोन्ही आजच्या नव्या करारात नाहीत. आजच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात दिसते. सम्राटानं ३२५ मध्ये हुकूम सोडला असता, तर हा गोंधळ बेचाळीस वर्षं कशाला चालला असता?

'बाकीची जाळली.' कॉन्स्टन्टाईननं जाळायला सांगितलं ते आरियसचं लिखाण; ज्याच्या मतावरून निकेयात वाद झाला तो हा धर्मगुरू. गंमत म्हणजे आरियसही याच चार शुभवर्तमानांवर बोट ठेवून भांडत होता. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे योहानातलं वाक्य त्याच्या पक्षाचं आवडतं. ख्रिस्ती ग्रंथ सरसकट जाळायचा हुकूम खरोखर निघाला तो ३०३ मध्ये, आणि काढणारा होता ख्रिस्तींचा छळ करणारा रोमन सम्राट डायोक्लेशियन.

'काठावरचं बहुमत' तर सोडूनच द्या. दोन-तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत आरियसबरोबर राहिले ते दोन. वादही येशू साधा माणूस की देव असा नव्हता. आरियसच्या मते पुत्र सृष्टीच्या आधीचा, पण पित्यानं निर्माण केलेला. निकेया ज्या बिथुनियात येतं, त्याच प्रांताचा सुभेदार प्लिनी साधारण ११२ मध्ये सम्राट ट्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी.

यावर काही श्रद्धाळू मंडळी उत्तर पाठवतात, 'बायबलचं एक अक्षरही बदललेलं नाही.' तेही चूकच. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन्ही जुन्या प्रतींत मार्कचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या आठव्या ओवीला, कबरीपासून घाबरून पळणाऱ्या बायकांवर संपतं. पुढच्या बारा ओव्या नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली प्रसिद्ध गोष्टही या दोन्हींत नाही. शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखक आपलं नाव सांगत नाही. मत्तय, मार्क ही नावं परंपरेतून आलेली. येशूच्या मृत्यूपासून मार्क लिहिला जाईपर्यंत, बहुतेक अभ्यासकांच्या हिशेबानं, चाळीसेक वर्षं गेली.

विश्वासार्हतेचा खरा वाद इथे आहे, आणि तो प्रसंगागणिक घालावा लागतो. मत्तय येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत सांगतो. लूक त्याच जन्माशी सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनियस याची नावनोंदणी, म्हणजे जनगणना, जोडतो. हेरोद इ.स.पू. ४ च्या सुमारास वारला, आणि क्विरिनियसची जी नोंदणी पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याच्याकडून कळते ती इ.स. ६ मधली. जुळवाजुळव करणारे बरेच आहेत, पण मला त्यांतलं एकही स्पष्टीकरण पटलेलं नाही. बहुधा लूक इथे चुकला. हाच लूक पंतय पिलाताला यहूदियाचा सुभेदार म्हणतो, आणि १९६१ मध्ये आजच्या इस्रायलमधल्या कैसरियाच्या उत्खननात पिलाताचं नाव आणि हुद्दा कोरलेला दगड मिळाला.