‘चूक कामगाराची, म्हणून भरपाई नाही’ : कायदा असे म्हणत नाही

पॉवर प्रेसवर (पत्रा कापणाऱ्या किंवा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) बोटे तुटली की औद्योगिक वसाहतींमध्ये एक समज ठामपणे पसरवला जातो. हात आत घालणारा कामगार निष्काळजी होता म्हणून भरपाई मागता येत नाही, तो ठेकेदाराचा असेल तर कंपनीचा संबंध नाही, आणि दवाखान्याचे बिल भरून कागदावर सही घेतली की विषय मिटतो, असे त्यात सांगितले जाते. यातील एकही विधान कायद्याला धरून नाही.

निष्काळजीपणाचा मुद्दा सर्वाधिक नुकसान करणारा आहे, कारण तो स्वतः कामगारालाही पटलेला असतो. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 (21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली असून ही तरतूद तिच्यातही कायम आहे) मालकाची जबाबदारी दोष कोणाचा यावर ठरवत नाही. काम करताना व कामामुळे अपघात झाला, एवढे पुरेसे असते. मालकाला सुटका मिळते ती तीनच कारणांनी : कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा केलेला नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढले वा दुर्लक्षिले. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ही कारणेही चालत नाहीत. घाई, थकवा, क्षणभर लक्ष विचलित होणे यांचा या यादीत उल्लेख नाही.

शिवाय चूक नेमकी कोणाची, हेही तपासून पाहावे. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये क्लच (गती जोडणारा भाग) एकदा गुंतला की फ्लायव्हीलच्या, म्हणजे फिरत्या जड चाकाच्या जोरावर रॅम (वरून खाली आदळणारा भाग) खाली येऊनच वर जातो, मध्येच थांबवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर नुसता सेन्सर बसवला तरी हात वाचतोच असे नाही. क्लचची पिन किंवा ब्रेक झिजला असेल तर एकदाच पडायला हवी ती प्रेस ‘डबल’, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा पडते. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन हातांची दोन बटणे दिलेली असतात, पण उत्पादन वाढावे म्हणून त्यातले एक कायमचे दाबून ठेवलेले किंवा पायाच्या पेडलने बदललेले असते. हा बदल पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत रोज चालत असताना तो कामगाराच्या माथी मारणे मला तरी निर्लज्जपणाचे वाटते. यंत्राच्या धोकादायक भागांना पक्के संरक्षक आवरण घालून ते यंत्र चालू असताना जागेवर ठेवण्याचे बंधन कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 21 नेही कामगारावर नव्हे, कारखान्यावर घातले होते.

ठेकेदाराची सबब तर 1923 मध्येच निकालात निघाली. मुख्य मालक आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकरवी करून घेत असेल, तर भरपाई त्याच्याकडूनही वसूल करता येते. ती ठेकेदाराकडून परत मिळवणे हा त्या दोघांमधला प्रश्न आहे.

सहीच्या कागदाचे मोल समजण्यासाठी रक्कम पाहावी. तिशीतल्या नव्हे, नेमक्या 30 वर्षांच्या कामगाराचा मासिक पगार 15,000 रुपये धरला, तर त्याचे 60 टक्के गुणिले कायद्यातील तक्त्यात त्या वयासाठी दिलेला गुणांक 207.98, म्हणजे कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 18,71,820 रुपये होतात. एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईक्षमतेची हानी 20 टक्के मानली जाते, म्हणजे या रकमेच्या 20 टक्के, 3,74,364 रुपये देय होतात. एका महिन्यात ते न दिल्यास 12 टक्के व्याज लागते आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. हा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरतो. एकरकमी तडजोड सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते.

कर्मचारी राज्य विम्याखाली (ईएसआय) येणाऱ्या कामगाराची वाट वेगळी आहे : त्याला भरपाई मालकाऐवजी महामंडळाकडून मिळते. उपचारकाळात सरासरी पगाराच्या सुमारे 90 टक्के आणि कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा रक्कम मिळते. त्यासाठी किमान वर्गणीची अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरीही. मात्र अपघात अहवाल भरून घेणे आवश्यक असते, आणि तो ‘घरी पडला’ असे लिहून बिघडवला जाऊ नये म्हणून कामगाराने त्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी.